नळीतलं जेवण आणि वहीतला हिशेब

मीनू,

“ताई, कुठला डबा चांगला तेवढं सांग,” असं तू म्हणालीस. नाव सांगायला मला वेळ लागणार नाही, पण नुसत्या नावाने तुझं काम भागणार नाही गं, म्हणून सविस्तर लिहायला बसलेय.

सासूबाईंना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि त्याबरोबर गिळणंही. नाकात नळी घालून घरी सोडलंय. आपण जेवायला बसतो तेव्हा भूक असली तर अर्धी पोळी जास्त मागतो, पोट भरलं की पानावर हात आडवा धरतो. त्यांना आता यातलं काहीच करता येत नाही. उपाशी राहिल्या तरी कळणार नाही, आणि कळेल तोवर अंगावरचं मांस उतरलेलं असेल. त्यांच्या भुकेच्या जागी आता आकडे आहेत आणि ते तुलाच मांडायचेत. डिस्चार्जच्या कागदावर ‘आरटी फीड २०० एमएल, दर ३ तासांनी’ असं लिहिलेलं असतं, आरटी म्हणजे हीच नळी. त्या २०० एमएलमध्ये काय असावं, हे कागद बहुतेक वेळा सांगतच नाही.

एक वही कर. पहिल्या पानावर त्यांचं वजन लिही, तू ५० किलोच्या आसपास म्हणालीस. अंथरुणावरच्या मोठ्या माणसाला साधारण किलोमागे २५ ते ३० कॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला १२५० ते १५००. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम धर, म्हणजे ६० ग्रॅम. पाठीवर, कमरेवर बेडसोर असेल तर दीड ग्रॅमपर्यंत जावं लागतं. पाणी किलोमागे ३० ते ३५ एमएल, सगळं धरून दीड ते पावणेदोन लिटर. हृदय किंवा किडनी नीट चालत नसेल तर हे आकडे बदलतात, म्हणून ते तुझ्या डॉक्टरांकडून आणि तिथल्या डाएटिशियनकडून पक्के करून घे. पण कॅलरी, प्रथिनं आणि पाणी हे तीन आकडे तुला पाठ असायला हवेत.

वॉर्डात मी सतत काय बघते सांगू? घरचे लोक ‘हलकं’ म्हणून डाळीचं वरचं पाणी देतात, शहाळ्याचं पाणी देतात, गाळलेली पेज, सफरचंदाचा रस देतात. सगळं निगुतीने, प्रेमाने. पण शहाळ्याच्या २५० एमएल पाण्यात जेमतेम ५० कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळपास नाहीतच. दिवसातून ६ वेळा दिलं तरी झाल्या ३००. पोट भरलेलं दिसतं, लघवी भरपूर होते, त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटतं. आत शरीर स्वतःचे स्नायू मोडून गुजराण करत असतं. मांड्या आटतात, कमरेवरची जखम भरत नाही, खोकून कफ बाहेर काढायची ताकद राहत नाही, आणि मग न्यूमोनिया होऊन पुन्हा अ‍ॅडमिट. घरात दूध, अंडी, डाळ सगळं असताना माणूस असा खंगतो याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

आता डब्याकडे ये. पुढच्या बाजूचं हसरं चित्र सोड आणि मागचा तक्ता वाच. आतडी धड असलेल्या माणसासाठी जे साधं फीड असतं, त्याला आम्ही पॉलिमेरिक म्हणतो. त्यात प्रथिनं अख्खी असतात: दुधातलं केसीन, व्हे किंवा सोयाबीनचं प्रथिन. कर्बोदकं म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन. मका किंवा तत्सम धान्यातल्या स्टार्चच्या लांबलचक साखळ्या कापून छोट्या केल्या की ते तयार होतं. त्यामुळे फीड नळीतून उतरण्याइतकं पातळ राहतं, आणि तेवढीच ऊर्जा नुसत्या साखरेतून दिली असती तर ते जितकं तीव्र झालं असतं तितकं होत नाही. तीव्रता म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी. रक्ताची तीव्रता ३०० च्या घरात असते आणि साधी फीड त्याच्या आसपास ठेवलेली असतात. फार तीव्र द्रव आतड्यात भराभर उतरला तर तिथे पाणी ओढलं जातं, पोटात कळा येतात, जुलाब होतात. स्निग्धांश सोयाबीन, सूर्यफूल, कॅनोला अशा तेलांचा असतो, कधी सोबत एमसीटी असतं. एकूण कॅलरींपैकी निम्म्याच्या आसपास कर्बोदकांतून, साधारण एक तृतीयांश तेलातून आणि १५ ते २० टक्के प्रथिनांतून येतात. बहुतेक फीडमधली दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, काढून टाकलेली असते. त्यामुळे ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही ती चालतात.

एमसीटीवरून आठवलं, तू खोबरेल घालू का विचारत होतीस. एमसीटी हे मध्यम लांबीच्या साखळ्यांचे स्निग्ध पदार्थ. ते पचायला पित्ताची फारशी गरज लागत नाही, आतड्यातून ते थेट यकृताकडे जातात. खोबरेलापासून ते वेगळे काढतात हे खरं, पण घरच्या खोबरेलात त्यांचा वाटा थोडाच असतो. तेव्हा तेल घालायचंच तर रोजच्या स्वयंपाकाचं घाल, त्यात शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी फॅटी अ‍ॅसिडंही असतात.

तक्त्यात पुढची गोष्ट बघ ती दाटपणाची. साधं फीड १ एमएलला १ कॅलरी देतं. काही दीड देतात, काही २. ज्यांना पाणी मोजून द्यायचंय, त्यांच्यासाठी दाट फीड सोयीचं. पण इथे एक चूक फार होते. १ कॅलरीवालं फीड १५०० एमएल दिलं तर त्यातलं पाणी असतं सुमारे १२५० एमएल. उरलेलं अडीचशे ते पाचशे नळी धुताना आणि मधे पाणी म्हणून द्यावं लागतं. तेवढ्याच कॅलरी २ वाल्या फीडमधून दिल्या तर ७५० एमएल फीड झालं आणि त्यात पाणी फक्त सव्वापाचशेच्या आसपास. वरून लिटरभर पाणी द्यायचं कोणी लक्षात ठेवत नाही. वयस्कर माणूस गुंगीत जातो, सोडियम वर गेलेलं निघतं, आणि घरच्यांना वाटतं दुसरा झटका आला.

जीवनसत्त्वं आणि क्षार कंपन्या अशा बेताने घालतात की ठरलेलं प्रमाण, बहुधा दीड लिटरच्या आत-बाहेर, दिलं तरच दिवसाची गरज भागते. निम्मंच फीड दिलं तर लोह, झिंक, ब१२ सगळं निम्मंच मिळतं. आणि हे फक्त ‘संपूर्ण आहार’ असलेल्या फीडबद्दल. मेडिकलमध्ये त्याच फळीवर प्रोटीन पावडरीही असतात, ताकदीची म्हणून विकली जाणारी पेयंही असतात. ती जोड म्हणून ठीक, पण त्यांच्यावर माणूस जगवता येत नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने २०१६ च्या नियमांत वैद्यकीय गरजेच्या अन्नाचा वेगळा वर्ग केला. अशा डब्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं आणि वैद्यकीय सल्ल्यानेच वापरा अशी सूचनाही असते. तो शिक्का शोध.

पावडर कालवताना डब्यातलाच स्कूप वापर, चमचा नको. ‘अमुक पाण्यात इतके स्कूप’ आणि ‘इतके स्कूप घालून एकूण इतकं होईपर्यंत पाणी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेबलवर काय लिहिलंय ते नीट वाच. डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळ कालवणं म्हणजे ताटातलं अर्धं काढून घेणं. घरी अविनाशरावांनाही हे सांग. खर्च झेपत नसेल तर त्याला दुसरा मार्ग आहे, तो आता सांगते.

घरचं फीड चालतं का? चालतं, हिशेबाने केलं तर. माझ्या ओळखीचे काही डॉक्टर त्याच्या विरोधात असतात, त्यामागे कारण आहे. फिलिपिन्समधल्या रुग्णालयांत अशी मिक्सरमधून काढलेली फीड तपासली होती. त्यांत जंतूंचं प्रमाण जास्त निघालं आणि ठरवलेली पोषणमूल्यं प्रत्यक्षात तेवढी भरली नाहीत. हे दोन्ही धोके खरे आहेत. तरी आपल्याकडे कित्येक घरांना महिनोन्महिने डब्यांचा खर्च परवडत नाही, आणि उगाच अपराधी वाटून घेण्यापेक्षा नीट केलेलं घरचं फीड कधीही बरं.

असं मांड. टोण्ड दूध २०० एमएल: साधारण ११५ कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ १५ ग्रॅम: ५० कॅलरी, १ ग्रॅम. साखर १० ग्रॅम: ४० कॅलरी. तेल १ छोटा चमचा, ५ ग्रॅम: ४५ कॅलरी. सगळं शिजून २५० एमएल होतं आणि २५० कॅलरी भरतात. म्हणजे डब्यासारखंच, १ एमएलला १ कॅलरी. दिवसातून ६ वेळा दिलं की १५०० कॅलरी झाल्या. प्रथिनं मात्र ४२-४३ ग्रॅमच होतात, आपल्याला हवीत ६०. मग त्यातल्या ५ फीडमध्ये १०-१० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घाल, प्रत्येकी साडेतीन ग्रॅम मिळून भरपाई झाली. पावडरीतून कॅलरीही दीडशेच्या वर वाढतात, तेवढी साखर कमी करता येते. सासूबाईंना शुगर असेल तर साखरेचा विषय डाएटिशियनशी बोलूनच ठरव. या फीडमध्ये लोह आणि क जीवनसत्त्व कमी पडतं, मीठही नसतं. त्यामुळे जीवनसत्त्वांचं औषध लागेल, आणि मीठ किती घालायचं हे रक्तातलं सोडियम बघून डॉक्टर सांगतील. दूध पचत नसेल तर मुगाची डाळ, तांदूळ, नीट उकडलेलं अंडं मिक्सरमधून एकजीव करून, गाळून देता येतं. फक्त त्याचाही हिशेब असाच ग्रॅममध्ये झाला पाहिजे.

नाचणीचं पीठ मोड आणलेलंच का, हे मुद्दाम करून बघ. साध्या नाचणीची १५ ग्रॅम पिठाची खीर जरा निवू दे, चांगली घट्ट होते, नळीतून उतरायची नाही. ती पातळ करायला पाणी घालायचं तर कॅलरी निम्म्या होतात. आता त्या कोमट खिरीत मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ घालून ढवळ आणि थोडं थांब. तुझ्या डोळ्यांसमोर ती सैल होत जाते, ओघळायला लागते, पाणी न घालता. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. डब्यातलं माल्टोडेक्स्ट्रिन कारखान्यात याच तत्त्वावर बनतं. खीर उकळत असताना ते पीठ घातलं तर एन्झाइम लगेच मरतं, म्हणून आधी कोमट खिरीत घाल, पातळ झाली की मग एक चांगली उकळी काढ म्हणजे जंतूंचीही भीती राहत नाही. मोड आणून वाळवलेली नाचणी खमंग भाजायचा मोह आवर, त्यानेही एन्झाइम जातं. आई आपल्या बाळांसाठी हेच करायची ना. भारतात कुपोषित मुलांच्या आहारातही हे पीठ याच कारणासाठी वापरलं गेलंय.

शेवटी खीर बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या स्वच्छ फडक्यातून गाळ. एका वेळी एकाच फीडपुरतं कर. घरचं फीड खोलीत २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. कालवलेली पावडर ४ तासांच्या वर बाहेर नको. पावडरचा डबा निर्जंतुक नसतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. बाटलीतलं किंवा पिशवीतलं तयार द्रव फीड मात्र निर्जंतुक भरलेलं असतं. माझं मत विचारशील तर रात्रीची आणि घाईची फीड डब्याची ठेव, कारण रात्री देखभालीला असणाऱ्या ब्युरोच्या मावशींकडून मोजमापाची अपेक्षा करणं बरोबर नाही. सकाळ-दुपारची घरची कर. खर्चही आटोक्यात राहील.

खास आजारांच्या डब्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण दुकानदार तेच पुढे करतात. मधुमेहाच्या फीडमध्ये कर्बोदकं कमी आणि सावकाश पचणारी असतात, ऑलिव्हसारख्या तेलांतून मिळणारा एकल असंपृक्त स्निग्धांश जास्त असतो, सोबत तंतू असतात. त्याने शुगरचे चढउतार कमी होतात, उपयोग आहे. किडनीचं फीड दाट असतं, त्यात पोटॅशियम, फॉस्फरस आणि सोडियम कमी ठेवलेलं असतं. त्यातही डायलिसिस सुरू नसलेल्यांसाठी कमी प्रथिनांचं आणि डायलिसिसवर असलेल्यांसाठी जास्त प्रथिनांचं, असे दोन प्रकार असतात. चुकीचा डबा घेतला तर नुकसान होतं. शहाळं, डाळीचं पाणी, फळांचे रस हे सगळे ‘हलके’ पदार्थ पोटॅशियमने भरलेले असतात, किडनीच्या पेशंटला ते घातक ठरू शकतात. लिव्हरसाठी शाखायुक्त अमिनो अ‍ॅसिडवालं महाग फीड मिळतं, पण त्याचा ठोस फायदा मोजक्याच पेशंटमध्ये दिसतो. लिव्हरच्या पेशंटची प्रथिनं तोडायची जुनी पद्धत मात्र आता चुकीची मानली जाते. फुप्फुसांच्या पेशंटसाठी जास्त तेलाचं फीड आहे, त्यामागे कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो हा विचार. प्रत्यक्षात एकूण कॅलरी गरजेपेक्षा जास्त न देणं जास्त महत्त्वाचं.

ज्यांचं आतडंच दुखावलंय, स्वादुपिंडाचा आजार आहे किंवा आतड्याचा मोठा भाग काढलाय, त्यांना प्रथिनं आधीच तुकडे करून, पेप्टाइडच्या रूपात देतात. अगदी सुटी अमिनो अ‍ॅसिडं असलेलं फीडही असतं. अशा रासायनिक आहारांवर १९६०च्या दशकात अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमासाठी बराच अभ्यास झाला, नंतर ते रुग्णालयांत आले. सासूबाईंची आतडी व्यवस्थित आहेत. त्यांना यातलं काही लागणार नाही, कोणी सुचवलं तर का, ते विचार.

आता देण्याची पद्धत. इथे मात्र अजिबात ढिलाई नको.

नाकातल्या या नळीला जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनी ती १९२१ मध्ये आणली. नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरची खूण आहे ती आजच वहीत लिही आणि तिथे कायमच्या शाईने रेघ मार. प्रत्येक फीडआधी ती रेघ जागेवर आहे का बघ. सरकली असेल, नळी तोंडात वेटोळं झालेली दिसत असेल, खोकला थांबत नसेल, तर थेंबही द्यायचा नाही. नळी पुन्हा आत ढकलायची नाही. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी रीत भरवशाची नाही, फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसा आवाज येऊ शकतो. नळीतून निघालेला रस पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याखाली दाखवत असेल तर नळी जठरात असल्याचं मानतात. पण आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा चढतो. शंका असेल तर एक्स-रे, दुसरा पर्याय नाही. साधी प्लास्टिकची नळी काही दिवसांत कडक होते, बदलायची तारीख सिस्टरांना विचारून लिहून ठेव.

फीड देताना डोकं आणि छाती ३० ते ४५ अंशांत उचललेली हवी. नुसती उशी दिली तर मान दुमडते, पोटावर दाब येतो. पलंगाचा वरचा भागच वर कर, नसेल तर पाठीला तक्क्या लाव. फीड संपल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेव, लगेच डायपर बदलायला आडवं करू नकोस. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेव, नळकांडं हातभर वर धर आणि फीड आपल्या वजनाने उतरू दे. २५० एमएलला १५-२० मिनिटं तरी लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकललेलं फीड घशाशी येतं आणि तिथून श्वासात जातं. मावशींना हे तू स्वतः एकदा करून दाखव.

आधी आणि नंतर ३०-३० एमएल साधं कोमट पाणी. नळी बुजते ती बहुधा यात कुचराई झाली म्हणून. दुधातलं केसीन आम्लाशी भेटलं की फाटून गोळा होतं, म्हणूनच बुजलेल्या नळीत कोला किंवा आंबट रस ओतणं उलटं काम करतं. कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करून बघ. नाहीच उघडली तर दवाखाना, तार घालायची नाही. औषधं फीडमध्ये मिसळू नकोस. प्रत्येक गोळी वेगळी कुटून, वेगळ्या पाण्यात, मधे थोडं पाणी सोडून दे. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर किंवा एक्सआर आहे, किंवा जिच्यावर आतड्यात विरघळणारं आवरण आहे, ती कुटायचीच नसते. तिचा पर्याय डॉक्टरांकडून लिहून घे. फिट्स येऊ नयेत म्हणून सासूबाईंना फेनिटॉइन चालू असेल तर खास विचार, कारण फीडबरोबर गेलं तर ते रक्तात नीट उतरत नाही. त्याच्या आधी आणि नंतर १ ते २ तास फीड थांबवायला सांगतात. थायरॉइडच्या गोळीचंही असंच काहीसं आहे. आणि इन्सुलिन! इन्सुलिन दिलं आणि मग काही कारणाने फीड दिलंच नाही, असं होता कामा नये. फीड हुकलं तर डॉक्टरांना फोन.

जुलाब झाले की घरोघरी फीडला दोष देतात आणि ते निम्मं पातळ करतात. त्याने कॅलरी जातात, जुलाब थांबत नाहीत. आधी औषधं बघ. अँटिबायोटिक चालू आहे का? तापाचं, खोकल्याचं सिरप चालू आहे का? गोडीसाठी त्यात सॉर्बिटॉल असतं, त्याने पोट ढिलं होतं. मग हात, मिक्सर, सिरिंज, गाळणी यांची स्वच्छता. फार थंड किंवा फार भराभर फीड जातंय का? हे सगळं बघून झाल्यावरच फीड बदलायचं. उलट, संडास खडा होत असेल तर पाणी आणि तंतू कमी पडतायत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. आजारपणात त्यांच्या पोटात बरेच दिवस काही गेलं नसेल, किंवा त्याआधीच वजन खूप उतरलं असेल, तर पहिल्याच दिवशी १५०० कॅलरी द्यायच्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपेट खायला मिळालं आणि त्यातले काही त्यानेच दगावले. उपाशी शरीरात एकदम कर्बोदकं गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास थकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा पेशंटला आधी थायमिन म्हणजे ब१ देतात, किलोमागे १० कॅलरींसारख्या कमी प्रमाणाने सुरुवात करतात, रक्त तपासत काही दिवसांत वाढवतात. डॉक्टरांना स्पष्ट विचार: ‘इतके दिवस खाणं नव्हतं, फॉस्फेट तपासलंय का?’ असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

नाकातली नळी चार ते सहा आठवड्यांपुरती. गिळणं त्यापुढेही परतलं नाही तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी घालतात, तिला पेग म्हणतात. गाउडरर आणि पॉन्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९७९ मध्ये क्लीव्हलँडला ती पहिल्यांदा, एका बाळासाठी, पोट न उघडता घातली. ही क्रिया सहसा दुर्बिणीतून, छोट्याशा छेदातून, अर्ध्या-पाऊण तासात होते. ‘पोटाला भोक पाडतात’ म्हणून मामंजी घाबरतील, त्यांना समजाव. नाक मोकळं होतं, नळी रुंद असते, सारखी ओढली जात नाही. सासूबाई अस्वस्थपणात नळी उपसतात म्हणून त्यांचे हात बांधून ठेवण्यापेक्षा पेग कितीतरी सुसह्य.

तोंडाने काही जात नसलं तरी तोंड रोज दोनदा मऊ ब्रशने साफ कर. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात आणि नळीवरच्या पेशंटला न्यूमोनिया व्हायचं ते एक मोठं कारण आहे. आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी पुन्हा करून घे. झटक्यानंतर पुष्कळांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, पण कोणी तपासतच नाही म्हणून नळी तशीच राहते. तपासणीआधी ‘चमचाभर चहा देऊन बघू’ असं कोणाला करू देऊ नकोस, मग ते कितीही मायेने म्हणोत.

वहीत रोज हे लिही: किती वाजता, कुठलं फीड, किती एमएल, किती पाणी, संडास-लघवी, शुगर. वजन आठवड्याला एकदा, जमेल तसं. ३ दिवसांच्या नोंदी झाल्या की पानांचा फोटो, डब्याच्या मागच्या तक्त्याचा फोटो आणि डिस्चार्ज कार्ड मला पाठव. दुपारी ३ नंतर मी ओपीडीतून मोकळी असते, तेव्हा फोन कर. आपण दोघी बसून बेरीज करू, आणि मग डबा ठरवू.

तुझी,
ताई